प्रेमानंद मेश्राम आणि त्याचे पोट्टे

ओमानमधल्या सहमला आम्ही ज्या इमारतीत राहतो, तिच्या खालच्या मजल्यावर प्रेमानंद मेश्रामचं बिऱ्हाड होतं. प्रेमानंद मूळचा कामठीचा. सोहारच्या औद्योगिक वसाहतीत खाद्यतेलाचा एक कारखाना आहे, तिथल्या बॉयलरवर तो शिफ्टचा प्रमुख होता. बुटका, रुंद खांद्यांचा, हळू आवाजात बोलणारा माणूस. बोलणंही मोजकं, फुटबॉल सोडून. फुटबॉलचा विषय निघाला की त्याची बायको सरिता गॅस बारीक करायची. जेवण आता लांबणार हे तिला कळायचं.

कामठीत फुटबॉल घरोघरी. प्रेमानंदही कॉलेजात असेपर्यंत डाव्या बाजूचा बचाव खेळला. त्याचे वडील कोराडीच्या वीजकेंद्रात कंत्राटावर कोळसा ओढत. एकदा जिल्ह्याच्या संघाची निवड आणि बॉयलरची परीक्षा एकाच दिवशी आली. वडिलांनी त्याला हाताला धरून परीक्षेच्या दारापर्यंत नेलं आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर बसून राहिले. हे मला सरितेने सांगितलं. प्रेमानंद स्वतः त्याबद्दल कधी बोलला नाही.

इथे किनाऱ्यावर एक जुना, मोठा क्लब आहे. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्या मुलांबद्दल लिहिते आहे ती अजून लहान आहेत आणि त्यांनी आधीच पुष्कळ ऐकून घेतलं आहे. प्रेमानंद नोकरीला आला त्या वर्षी या क्लबाने करंडक जिंकला होता. मिरवणुकीमुळे कंपनीची बस रस्त्यात अडकली. बसमधले बाकीचे वैतागून बसले, हा खाली उतरला आणि मिरवणुकीबरोबर चालू लागला. तेव्हापासून तो क्लब त्याचा झाला.

गेल्या दोन-तीन वर्षांत क्लबाची रया गेली. जुने, नावाजलेले खेळाडू एकेक करून दुसरीकडे गेले. उरली ती एकोणीस-वीस वर्षांची मुलं. मागच्या हंगामात तीच मुलं वरच्या गटात टिकायला धडपडत होती. प्रेमानंद त्यांना ‘पोट्टे’ म्हणायचा. कामठीत आपल्या पोरांना म्हणतात तसंच.

सामना संपला की तो बाबामियाँच्या चहाच्या दुकानात यायचा. बाबामियाँ दापोलीकडचे, चाळीस वर्षं ओमानात काढलेले. दुकानाबाहेर चार प्लास्टिकच्या खुर्च्या. संध्याकाळी फिरून येताना मीही तिथे टेकत असे.

“काय नागपूरकर, आज किती?” बाबामियाँ विचारायचे.

“तीन.”

“दिले की घेतले?”

“चहा द्या, बाबामियाँ.”

“म्हणजे घेतले. अरे, बालवाडी हाय ती, क्लब कसला? तो जुना गोलकीपर परत आणा. ह्याला अजून दाढी नाय फुटली.”

“दाढीनं बॉल अडला असता तं तुम्हालेच उभं केलं असतं.”

मग चहा यायचा आणि प्रेमानंद आपलं म्हणणं मांडायचा. “बाई, तुम्ही शाळेत शिकवलं, तुम्हीच सांगा. पोट्टे वाईट नाहीत. पहिला गोल बसेपर्यंत त्यांचा खेळ पाहा, कोणालाही आवडेल असा आहे. गोल बसला की सगळेच्या सगळे बेंचकडे पाहतात. काय चुकलं ते बाहेरचा कोणीतरी सांगेल म्हणून. मैदानात एक तरी असा पाहिजे जो पूर्वी पुष्कळदा हरला आहे. तो बॉल पायाखाली धरतो आणि म्हणतो, थांबा जरा, काही झालं नाही. असा माणूसच ठेवला नाही त्यांच्यात. आणि मग लोक पोट्ट्यांना शिव्या देतात.”

“आणि गोलकीपर?” बाबामियाँ सोडायचे नाहीत.

“हमझा चांगला आहे. हात चांगले आहेत त्याचे. फक्त ओरडत नाही. गोलकीपरला मागून सगळं मैदान दिसतं, त्यानं ओरडून सांगायला पाहिजे. हा पाहतो आणि गप्प राहतो. वेळ द्या, ओरडेल.”

हमझाची बाजू तो घ्यायचा त्याला आणखी एक कारण होतं. इथले बरेच खेळाडू दिवसा नोकरी करतात. हमझा प्रेमानंदच्याच हाताखाली शिकाऊ होता. वडील मासेमारी करून थकलेले, पाठीवर तीन बहिणी. स्थानिक मुलं तयार झाली की परदेशी माणसांनी जागा सोडायची, हे कारखान्यात ठरलेलं होतं. हमझा कायम झाला की प्रेमानंदने घरी जायचं. हे दोघांनाही माहीत होतं आणि त्यावरून दोघं एकमेकांची हिंदीत थट्टा करत; इथे किनाऱ्यावर हिंदी बहुतेकांना येते.

“उस्ताद, मैं सीख गया तो आपका टिकट कट जाएगा.”

“अरे, तू पहले सीख तो सही.”

पण शिकणं होत नव्हतं, आणि त्याला कारण प्रेमानंद स्वतःच होता. आठवड्याची साफसफाई झाली की थंड पडलेला बॉयलर पुन्हा पेटवायचा असतो. त्या कामातली खरी परीक्षा तीच. आच हळूहळू वाढवायची, काचेच्या नळीतलं पाणी डोळ्यांत तेल घालून पाहायचं, वाफ कधी सोडायची ते ओळखायचं. चालू बॉयलर कोणीही सांभाळतो, असं प्रेमानंद म्हणायचा. हे पेटवणं नेमकं सरावाच्या नाहीतर सामन्याच्या संध्याकाळी यायचं. हमझा दारात घुटमळायचा. प्रेमानंद त्याच्याकडे न पाहताच म्हणायचा, “यल्ला, जा. मैं देखता हूँ.” हमझा जायचा. प्रेमानंद बॉयलर पेटवून, हात धुऊन, उत्तरार्ध पाहायला मैदानावर पोचायचा.

एप्रिलमध्ये एकदा प्रेमानंदला ताप आला आणि हमझाला ते काम एकट्याने करावं लागलं. काचेतलं पाणी खाली जात होतं. हमझाला ते दिसत होतं. तो पाहत उभा राहिला. कोणाला हाक मारली नाही, आच बंद केली नाही. बंद करू की नको, हेच त्याला ठरवता येईना. शेजारच्या पंपावरचा एक माणूस सहज आत आला आणि त्याने आच बंद करायचं बटण दाबलं, म्हणून निभावलं. पाणी आणखी उतरलं असतं तर आतल्या नळ्या तापून गेल्या असत्या, आणि त्या खोलीत हमझा एकटाच होता.

मॅनेजर, कामगारांचे ‘मुदीर’, ओमानी, शांत स्वभावाचे गृहस्थ. त्यांनी प्रेमानंदला बोलावलं आणि विचारलं, या मुलाला ठेवायचं की नाही? प्रेमानंदने खरं सांगितलं. पेटवायचं काम आपण त्याला करूच दिलं नाही, दोष आपला आहे, त्याला एक संधी द्या. मॅनेजर म्हणाले, ठीक आहे. मे महिन्यातल्या मोठ्या सफाईनंतर बॉयलर हमझा एकटा पेटवेल, मी स्वतः उभा राहीन. जमलं तर कायम, नाहीतर त्याने दुसरीकडे पाहावं.

प्रेमानंदने त्यांचे आभार मानले. बाहेर येऊन भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, तर पेटवायचा दिवस नेमका हंगामाच्या शेवटच्या सामन्याचा होता. वरच्या गटात टिकायला क्लबाला त्या दिवशी निदान बरोबरी हवी होती.

हमझा त्याच संध्याकाळी घरी आला. मी सरितेकडे बसले होते. तो सोफ्याच्या कडेवर टेकला, सरबताला हात लावला नाही.

“उस्ताद, आप मुदीर को बोलो. एक हफ्ता आगे कर दो. आपकी बात वो सुनता है.”

“एक बार बोल चुका हूँ तेरे लिए.”

“एक बार और बोलो.”

“नहीं होता वैसा. एक बार उन्होंने सुन लिया, वो बहुत है.”

“फिर मैं नहीं आऊँगा. खेलने जाऊँगा.”

“जा. फिर नौकरी नहीं रहेगी. अब्बा को क्या बोलेगा?”

हमझाने मान वर केली. मग म्हणाला, “आप ही सबको बोलते हैं, लड़कों को टाइम दो.” आणि उठून गेला.

सरिता म्हणाली, “अहो, विचारून तर पाहा साहेबांना. फार तर नाही म्हणतील.”

“साहेबाला दोनदा मागू नये,” प्रेमानंद म्हणाला. “पहिलंही जातं.”

इतकी वर्षं परमुलखात नोकरी केलेल्या माणसाची ही सवय. सुट्टी मागितली त्या वर्षी पगारवाढीचं बोलायचं नाही, मुलाच्या शाळेसाठी चिठ्ठी मागितली तर घर बदलून मागायचं नाही. आमच्या इमारतीत प्रत्येक घर असंच वागतं. म्हणून त्या दिवशी मलाही त्याचं म्हणणं बरोबरच वाटलं.

त्यानंतरचे दिवस त्याने हमझाला पिळून काढलं. बंद बॉयलरसमोर उभं करून तो त्याला पुन्हा पुन्हा सगळं करून दाखवायला लावायचा. हमझा सगळं करायचा, पण प्रश्न विचारत नव्हता आणि थट्टा करत नव्हता.

सामन्याच्या दिवशी दुपारी मॅनेजर आले, एका कोपऱ्यात हात मागे बांधून उभे राहिले. प्रेमानंद दाराशी. हमझाने बॉयलर पेटवला. पाणी किती, दाब किती, झडप उघडतोय, आच वाढवतोय, हे प्रत्येक पायरीला त्याने मोठ्याने सांगितलं. मध्येच पाणी थोडं उतरलं तेव्हा त्याने लगेच आच कमी केली आणि पंपावरच्या माणसाला अशी हाक मारली की तो दचकला. प्रेमानंद मला म्हणाला, “बाई, त्याचा असा आवाज मी मैदानात एकदाही ऐकला नव्हता. आणि मला मान वर करून त्याच्याकडे पाहवेना.”

वाफ नीट सुरू झाली तोवर सामना संपत आला होता. मॅनेजरने हमझाशी हात मिळवला. तो कायम झाला.

त्या संध्याकाळी गोलात सतरा वर्षांचा मुलगा उभा होता. क्लब दोन-एकने हरला आणि खालच्या गटात गेला. दुसरा गोल लांबून मारलेला होता. हमझाने तो सहज धरला असता, असं बाबामियाँनीच सांगितलं, आणि त्यांनी हमझाला कधी चांगलं म्हटलेलं नव्हतं. दुकानात लोक तावातावाने बोलत होते. गोलकीपरला सोडलं नाही तो कोण कंपनीवाला, त्याला फुटबॉलमधलं काय कळतं? प्रेमानंद चहा घेत होता. बाबामियाँनी त्याच्याकडे पाहिलं आणि रेडिओ मोठा केला.

“कमी करा तो,” प्रेमानंद म्हणाला. मग त्या लोकांकडे वळून हिंदीत म्हणाला, “मैंने नहीं छोड़ा. मैं हूँ वो कंपनीवाला.”

एक म्हातारा ओमानी नुसता मान हलवून उठून गेला.

खरं दुःख पुढेच होतं. प्रेमानंदच्या जाण्याचं ठरलं आणि कामाची सूत्रं हमझाकडे द्यायला मॅनेजरने दोघांची बैठक घेतली. हमझा यायचा होता. मॅनेजर सहज म्हणाले, “त्या दिवशी शेवटचा सामना होता हे मला नंतर माझ्या मुलाने सांगितलं. तुम्ही बोलला का नाहीत? मी पुढच्या आठवड्यात आलो असतो. मला काय, आठवडा इकडे की तिकडे.”

तेवढ्यात हमझा आत आला. बैठक झाली.

हे सगळं हमझाला सांगायची काही गरज नव्हती. सरितेनेही हेच म्हटलं. पण प्रेमानंदला ते पोटात ठेवता येईना. शिफ्ट सुटल्यावर गाड्या उभ्या करायच्या शेडमध्ये त्याने हमझाला गाठलं आणि मॅनेजरचे शब्द जसेच्या तसे सांगितले. “मैंने पूछा नहीं, हमझा. पूछना चाहिए था.”

हमझाने गाडीचं दार उघडलेलं होतं, ते तसंच धरून तो उभा राहिला. रागावला नाही. प्रेमानंदला तो रागावायला हवा होता.

“खलास, उस्ताद,” तो म्हणाला. “नौकरी तो आपने दी.”

“अगले सीजन में तू वापस गोल में खड़ा रह. मैं मुदीर को बोल के जाता हूँ. इस बार बोलूँगा.”

“नहीं. वो छोटा लड़का है ना, उस दिन वाला. सबने उसको इतना बोला, अब मैं जाऊँ तो उसकी जगह जाएगी. उसको खेलने दो.” मग तो म्हणाला, “और मेरा दिल भी नहीं है अब.”

सप्टेंबरात मेश्राम कुटुंब कामठीला परत गेलं. जायच्या आठवड्यात क्लबाचा खालच्या गटातला पहिला सामना होता. प्रेमानंद एकटाच गेला. सरिता आणि मी खोक्यांना चिकटपट्टी लावत होतो. आम्हाला तो उशिरा येईल असं वाटत होतं, पण मध्यंतराच्या सुमाराला दार वाजलं. शेवटची शिट्टी व्हायच्या आधी मैदान सोडून आलेला त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, सरितेनेही नाही.

“हरताहेत का हो?” तिने विचारलं.

“नाही. दोन गोलांनी पुढे आहेत. छान खेळताहेत पोट्टे.”

“आणि तो लहान मुलगा?”

“ओरडतो चांगला,” प्रेमानंद म्हणाला. चपला काढून तो आमच्याजवळ जमिनीवर बसला आणि पट्टीचं दुसरं टोक धरलं.