टाकीखालचं कपाट

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, देवापुढेही कधी मोठ्यानं उच्चारलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे, ते मलाही नीट कळत नाही — पण सांगते.

आमच्या हॉलमध्ये माशांची मोठी टाकी होती. माझ्या सासऱ्यांची, मी त्यांना मामा म्हणते. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्यात उसाचा रस गाळायच्या विभागात झाली, आणि निवृत्तीनंतर त्यांनी सिक्लिड जातीचे मासे पाळले — पिवळे, निळे, दिसायला देखणे आणि स्वभावानं भांडकुदळ. हे मासे मुद्दाम दाटीनं ठेवतात. थोडे असले तर एखादा दुबळा सगळ्यांचा मार खाऊन मरतो. गर्दीत मार वाटला जातो. पण गर्दी म्हटली की घाणही तेवढीच. त्यामुळे फिल्टर कुठला घ्यायचा, यावरून मामांनी कितीतरी दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. दुकानदार म्हणाला, बाहेर लावायचा एक डबा पुरे. नवरा म्हणाला, आत सोडायचा छोटा चालेल. मामांनी दोघांनाही वेड्यात काढलं आणि टाकीखालच्या कपाटात दुसरी टाकी बसवली. वरचं पाणी खाली उतरायचं, स्पंजातून आणि मग सिरॅमिकच्या बारक्या नळ्यांच्या ढिगातून जायचं, आणि मोटर ते परत वर चढवायची.

"पाणी निर्मळ दिसणं येगळं आनि जितं असणं येगळं," ते मला म्हणाले होते. त्या नळ्यांवर जो तपकिरी, बुळबुळीत थर बसतो, त्यातच माशांची घाण पचवणारे जंतू राहतात. नळाच्या पाण्यातल्या औषधानं ते मरतात. "ह्या कपाटाला तू हात लावू नगंस, पोरी." हे ते सगळ्यांसमोर म्हणाले.

म्हणजे मला माहीत होतं. अजाणता केलं असतं, तर मी आज हे लिहीत बसले असते का?

तो रविवार होता. मामा जोतिबाला गेले होते आणि संध्याकाळी नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते. सकाळपासून मी घर घासत होते. घासता घासता ते कपाट उघडलं, आणि तो थर बघून किळस आली. माझं माहेर चांदीकामाच्या हुपरीचं. आमच्या घरात पैंजण रिठ्याच्या पाण्यात घासून पांढरेशुभ्र करतात. लहानपणापासून हाताला तीच सवय. पण सवयीवर तरी का ढकलू? पाहुणे काही कपाट उघडून बघणार नव्हते. मला राग होता. या घराचा कानाकोपरा मी पुसायचा आणि एका कपाटाला तेवढा हात लावायचा नाही? सगळ्या नळ्या मागच्या दारी नळाखाली नेल्या, ब्रशनं घासल्या, पांढऱ्या केल्या आणि परत ठेवल्या. खोटं कशाला बोलू — फार बरं वाटलं.

दोन-तीन दिवसांत पाणी दुधाळ झालं. मासे वर येऊन तोंड उघडू लागले, मग एकेक उलटा. मामांनी कपाट उघडलं, एक नळी हातात घेतली. "कुनी धुतलं हे?"

आम्ही सगळे तिथंच होतो. मी भाजी चिरत होते. चिरतच राहिले.

नवरा म्हणाला, "आबा, तुमच्याबिगर कपाटाला हात कोन लावतंय? तुमीच धुतलं असशीला, इसरला." त्याच्या थोडं आधी मामा मंडईत स्कूटर विसरून चालत घरी आले होते. तेवढं एकच झालं होतं.

मामांनी ती नळी परत ढिगात ठेवली. मग म्हणाले, "आसंल. माझ्याच हातनं झालं आसंल."

मामा, मी धुतलं — एवढंच तर बोलायचं होतं. का नाही बोलले? त्या दिवशी भीतीनं, असं म्हणू. पण दुसऱ्या दिवशी? पुढच्या वर्षी?

टाकी गेली. मग स्कूटर विकली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं सगळं ठीक आहे. पण मामांना विसर पडतो, हे घरानं ठरवून टाकलं होतं आणि — हे जास्त वाईट — मामांनीही. आणि मी? हे सांगायचं मघापासून टाळते आहे. मी त्याचा उपयोग केला. एकदा दूध आटून पातेलं करपलं. गॅस चालू ठेवून शेजारी गप्पा मारत मीच बसले होते. नवऱ्यानं विचारल्यावर मी नुसतं मामांच्या खोलीकडे पाहिलं. त्या दिवसापासून मामांनी स्वतःचा चहा करणंही सोडलं.

परवा नणंदेच्या सासरची माणसं आली होती. मामा खुशीत होते. नणंदेचा जन्म झाला त्या पावसाळ्याची हकीकत सांगू लागले — पंचगंगेला पूर, रस्ते बंद, आणि हे कारखान्यातून पाणी तुडवत दवाखान्यात पोचलेले. सांगता सांगता मध्येच थांबले. चेहरा उतरला. माझ्याकडे वळून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "पोरी, पूरच हुता न्हवं?"

तेव्हा मी माहेरी पहिलीत होते. ही माणसं मला ठाऊकही नव्हती.

"व्हय मामा," मी म्हणाले. त्यांना हायसं वाटलं, आणि ते पुढं सांगू लागले.