बैलांनी ओढून पाहिलेला ट्रॅक्टर

घोडेगावच्या बैलबाजारात कारभारी शिरला की दलालांचा आवाज आपोआप खाली यायचा. बैलाच्या जबड्यात हात घालून दात बघायची त्याला फारशी गरज पडत नसे. तो बैलाच्या मागं उभा राहायचा, जरा चालवून दाखवा म्हणायचा, आणि खाली मान घालून पुढं निघायचा. तो पुढं निघाला म्हणजे त्या बैलाचं काही खरं नाही. तो थांबून तंबाखू मळायला लागला, तर मालकानं खुशाल मिशीला पीळ भरावा. माणूस हाडापेरानं दणकट, जिभेनं तिखट. गुडघे तेवढे दगा द्यायला लागले होते. नांगरामागं चालून आला की ओट्यावर बसताना आईची आठवण काढायचा.

त्याची दोन येडं होती. एक त्याची खिलार जोडी, हरण्या आणि पाखऱ्या. ऊस भरलेली गाडी चिखलात रुतली की लोक या जोडीला बोलवायला यायचे. दुसरं येड म्हणजे वस्तीमागचं पड रान. रान काळं, सोन्यासारखं, पण त्यात कुंदा माजलेला. कुंदा गवतात मोडतो, पण जात भुताची. वरून कापावा तर खालून हसतो, मुळ्या पार पुरुषभर खोल. कारभाऱ्याच्या बापानं एकदा आठ बैलांचा नांगर घातला होता. फाळ मोडला, एक बैल गळाठला, आणि पुढच्या आषाढात कुंदा होता तिथं हजर. हे रान देवानं सशांना दिलंय, असं म्हणत म्हातारा गेला.

मग आप्पासाहेबांनी लाल ट्रॅक्टर आणला. पंचक्रोशीतला पहिलाच. आप्पासाहेबांचं रान कारभाऱ्याच्या बांधाला बांध लागून, त्यामुळं कुंदा त्यांच्याकडंही होताच. ट्रॅक्टरनं तो असा उपटला, की मुळ्या पांढऱ्याफेक उताण्या पडल्या उन्हात. कारभारी दिवसभर बांधावर बसून होता. मालनबाईनं, त्याच्या बायकोनं, भाकरी आणून ठेवली ती कावळ्यानं नेली. त्या दिवसापासून लाल रंग दिसला की कारभाऱ्याच्या छातीत पट्टा फिरायला लागायचा.

पुढं हा ट्रॅक्टर एक दिवस ज्वारीच्या रानात काळा धूर ओकला आणि बसला तो बसलाच. नगरहून फिटर आला, हे मेलं म्हणून गेला. आप्पासाहेबांनी दुसरा नवा आणला आणि जुना ओढून उतारावरच्या बाभळीखाली टाकला. बॅटरीच्या खोक्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. दिवे कुणी नेले ते गावात सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायचं कुणी?

एकाहत्तर सालच्या मार्गशीर्षात आप्पासाहेब स्वतः चालत कारभाऱ्याच्या वस्तीवर आले. त्यांचा ऊस कमरेला लागला होता, आता बांधणी करायची, म्हणजे सरीतली माती उसाच्या बुडाला लावायची. नवा ट्रॅक्टर त्या दाट उसात शिरत नाही, तिथं बैलच लागतो. आणि त्यांचा एक बैल नेमका पायानं अधू झालेला. त्यांनी चहा घेतला, हरण्या-पाखऱ्याच्या पाठीवर नजर फिरवली आणि सांगून टाकलं: जोडी मला द्या, बाभळीखालचं धूड तुम्ही न्या. नाहीतर शुक्रवारी भंगारवाला येतोच आहे.

ते गेले, आणि कारभाऱ्याच्या अंगात वारं शिरलं. बसवेना, उठवेना. मालनबाईनं भाकरी थापता थापताच निकाल दिला. चालते दोन जीव द्यायचे आणि बसलेलं लोखंड आणायचं, हे ज्याला सुचतं त्याच्या गुडघ्याबरोबर टाळकंही गेलं. आणि ट्रॅक्टर शेण तरी टाकतो का, असंही तिनं विचारलं.  कारभाऱ्यानं पायात पायताण घातलं आणि तो तडक गनीभाईकडं गेला.

गनीभाई विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचा. सायकलच्या नळीला पान्यांची पिशवी बांधून या मळ्यातून त्या मळ्यात. त्याच्या कपड्यांचा मूळ रंग त्याच्या बायकोला, चांदबीलाही, सांगता आला नसता. दोघं बाभळीखाली गेले. गनीभाईनं कोंबडी हुसकली, झाकणं उघडली, तेल बोटावर घेऊन वास घेतला, आणि पान्यानं एकेक नट चाचपत बसला. तोवर कारभाऱ्यानं आपल्या रीतीनं पाहणी चालवली. ट्रॅक्टरच्या मागं जाऊन उभा राहिला. टायर दाबले. पुढून येऊन त्याच्या कपाळाला हात लावला. पाय बरे हायेत, असा शेरा मारला.

गनीभाई म्हणाला, दात बघायचे राहिले.

मग त्यानं खरं काय ते सांगितलं. दोनच गोष्टी आहेत. इंजिन आतून धरलेलं, म्हणजे गंजून जाम झालेलं असेल तर भंगारवाल्यालाच घालावं, खर्चात पडू नये. पण ते फिरलं, तर बाकी सगळी दुरुस्ती हाताखालची आहे, फाल्गुनापर्यंत ट्रॅक्टर रानात उभा करतो. फिरतंय का नाही, एवढंच कळलं पाहिजे. आणि फिरवायचं कशानं? बॅटरीच्या जागी तर अंडी.

कारभाऱ्यानं कपाळाला हात मारून घेतला, इतकं ते सोपं होतं. बाजारात बैल काय नुसता बघून घेतात? गाडीत पोती भरायची, चाकं दोरखंडानं करकचून बांधायची, आणि मग म्हणायचं, ओढ. जो ओढतो तो बैल. जो बसतो तो खाटकाचा.

"आपुन ह्याला वढून बघू," कारभारी म्हणाला. "माझीच जोडी वढंल."

ज्या जोडीच्या बदल्यात ट्रॅक्टर घ्यायचा, तीच जोडी जुंपून त्याची परीक्षा! गनीभाई हसला, पण त्याचेही डोळे चमकले होते.

गुरुवारी सकाळी बाभळीखाली जत्रा भरली. गनीभाईनं टायरांत हवा भरली, ताजं डिझेल ओतलं, नळ्यांतली कोंडलेली हवा सोडली. हरण्या-पाखऱ्याच्या जुवाला लांब साखळी बांधून ती ट्रॅक्टरच्या तोंडाला अडकवली. आप्पासाहेब पांढऱ्याशुभ्र धोतरात बांधावर उभे. मालनबाई दुरून, पदर कमरेला खोचून, बैलांकडं बघत.

आता बसायचं कुणी? जोडी कारभाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकत नव्हती. मग कारभारीच ट्रॅक्टरच्या गादीवर बसला, गाडीत बसावं तसा, दोन्ही हातांत कासरा घेऊन. गनीभाई मागच्या दांडीवर उभा राहिला. त्यानं धडा एकच दिला: डावा पाय ह्या क्लचच्या पट्टीवर दाबून ठेव, मी पाठीत थाप मारली की उचल. पाय उचलला की फिरती चाकं इंजिनाला फिरवणार.

कारभाऱ्यानं जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. चाबूक नाही, शिवी नाही. हरण्यानं मान खाली घातली, पाखऱ्यानं खुरं रोवली. साखळी ताठ झाली. ट्रॅक्टर काही हलेना. दोन पावसाळ्यांची माती टायरांनी पोटात घेतली होती. बैल पार गुडघ्यावर आले. आणि मग पोपडा फुटल्यासारखी जमीन उकलली आणि ते धूड निघालं. गर्दीतून नुसता श्वास सुटला.

उतार लागला, वेग आला. गनीभाईनं थाप मारली, कारभाऱ्यानं पाय उचलला. मागची चाकं जागच्या जागी गच्च. फिरायचं नावच नाही, नुसती मातीत दोन चऱ्या पाडत फरफटली.  म्हणजे इंजिन धरलेलंच दिसत होतं. बांधावरून आप्पासाहेब म्हणाले, आता बैल सोडा, उगं जनावर मरंल.

कारभाऱ्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बाजारात बैलाला एक संधी देत नाहीत, दोन देतात. त्यानं पाय दाबला, जोडीला पुन्हा हाळी दिली, गाडा पुन्हा धावता केला. गनीभाईची थाप पडली. पाय वर. ट्रॅक्टरच्या पोटात कुठंतरी कटकन् आवाज झाला, चाकं अडखळली आणि फिरली! धुराड्यातून आधी गांधीलमाश्यांचं पोळं उडालं, मग काजळीचा लोट, मग खोकला. एक, दोन. आणि मग त्या लोखंडानं अशी आरोळी ठोकली, की बाभळीवरचे बगळे थेट नदीकडं गेले.

मागं वाघ लागल्यासारखी जोडी उधळली. कारभाऱ्यानं आयुष्यभर जे केलं तेच केलं. मागं रेलला, कासरा छातीशी ओढला आणि ओरडला, "हो, हो राजा, हो!"

बैल गुणी. धन्याचा आवाज ऐकला आणि थांबले.

ट्रॅक्टर थांबला नाही. तो कुठं कासऱ्याला बांधला होता? लाल तोंड शेपट्यांवर यायला लागलं. गनीभाई पट्टी दाब, पट्टी दाब म्हणत कारभाऱ्याच्या पाठीत दणादण बुक्क्या घालायला लागला. पण त्या आवाजात कारभाऱ्याला शब्द कुठले कळायला? त्याला धडा एकच दिलेला, पाठीत थाप पडली की पाय उचल. त्यानं होता तो पाय आणखी उचलला, आणि भर म्हणून दुसराही.

शेपटी आणि लोखंड यांत हातभर अंतर राहिलं तेव्हा त्याचं डोकं चाललं. ट्रॅक्टर थांबवता येत नाही, पण बैल पळवता येतात. त्यानं कासरा सैल सोडला आणि किंचाळला, "पळ रं हरण्या!"

मग काय विचारता. पुढं बैल, मागं ट्रॅक्टर, मधे साखळी लोंबकळती, गादीवर पाय वर घेतलेला कारभारी, आणि त्याच्या खांद्यावरून वाकून चाक वळवणारा गनीभाई. ज्वारीच्या धसकटातून ही वरात निघाली. माणसं वाट फुटेल तिकडं. आप्पासाहेब धोतराचा सोगा धरून बांधावरून पलीकडं. कोंबड्या आकाशात. आणि खरं सांगायचं तर पहिली भीती सरल्यावर कारभाऱ्याला असं सुख वाटायला लागलं, की तो मोठमोठ्यानं हसत होता. कडब्याची गंजी समोर आली तेव्हा गनीभाईनं त्याचा डावा पाय हातानं धरून पट्टीवर आपटला. ट्रॅक्टर थांबला. बंद मात्र पडला नाही. जागेवर उभा राहून गुरगुरत राहिला.

जो तो धावत आला. आप्पासाहेबही आले, धोतराला कुसळं चिकटलेली. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. आत इंजिन थरथरत होतं, ते त्यांच्या हाताला लागलं, आणि त्यांचं तोंड बदललं.

"कारभारी, लई मोठं काम केलं," ते म्हणाले. "आता कशाला द्यायचा कुनाला? आमीच दुरुस्त करून घिऊ."

कारभाऱ्याच्या तोंडचं हसू तिथंच वाळलं. बाजारात सारी हयात गेली, आणि चूक केली ती नवशिक्याची. घेणाऱ्यानं मालकाच्या बैलाचा गुण मालकाला दाखवायचा नसतो. आधी उपरण्याखाली हात घालून बोटांनी सौदा, मग कौतुक. त्यानं परीक्षा आधी घेतली आणि सौदा करायचाच राहिला.

मालनबाई जवळ आली होती. "परक्याच्या मेल्या बैलाला फुंकर घालून उठीवलं," ती म्हणाली, "आता या घरी हात हालवत."

बोलणं झोंबलं, पण त्यानंच कारभारी जागा झाला. तो बैल बघतो तसा आप्पासाहेबांकडं बघायला लागला. हात ट्रॅक्टरवर होता, पण डोळे? डोळे पुन्हा पुन्हा जोडीकडं जात होते. तोंडाला फेस, छाती भात्यासारखी, पण दोघं चारी पायांवर ताठ. बसलं नव्हतं कुणी. आणि बांधाच्या अंगाला आप्पासाहेबांचा ऊस वाऱ्यावर सळसळत होता, बुडाला मातीची वाट बघत.

कारभाऱ्यानं निवांतपणे साखळी सोडली. हरण्याच्या गळ्याला थोपटलं.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तुमचा ट्रॅक्टर तुमाला. उद्या शुकिरवार हाय, आमी घोडेगावला जातो. ट्रॅक्टर वढलेली जोडी बाजारात कवा आली व्हती?"

आणि तो चालू लागला. मागं इंजिन गुरगुरत होतं आणि प्रत्येक ठोका त्याच्या छातीत पडत होता, पण त्यानं वळून बघितलं नाही. बाजारात वळून बघणारा मरतो. बांध आला. बांध ओलांडायला त्यानं पाय उचलला, तेव्हा मागून खोकल्याचा आवाज आला.

आप्पासाहेबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं होतं.

दोघांचे हात त्याखाली गेले. आप्पासाहेबांनी कारभाऱ्याची दोन बोटं धरली, म्हणजे दोन्ही बैल. कारभाऱ्यानं बोटं दिली, आणि वर आपला आंगठा त्यांच्या मुठीत घुसवला. आप्पासाहेब चमकले. बाजारात आंगठ्याला काही अर्थ नसतो.

"ह्यो कशाचा?"

"नांगराचा," कारभारी म्हणाला. "नुसतं इंजान काय पूजंत ठिऊ?"

आप्पासाहेबांनी जरा वेळ आंगठा तसाच धरून ठेवला. मग दाबला.

दिवस कलता ट्रॅक्टर वस्तीवर आला. गनीभाई चालवत होता, कारभारी पुढं पुढं चालत होता, नव्या बैलापुढं चालावं तसा. मालनबाईनं नाक मुरडत का होईना, चारी चाकांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. तो कोंबडीनं उचलला. ती बॅटरीच्या खोक्याबरोबरच आली होती.

बैल दिला तरी दावं द्यायचं नसतं, नाहीतर दावण बसते, गोठ्यात पुन्हा जनावर टिकत नाही. हरण्या-पाखऱ्याच्या गळ्यातली दोन्ही दावी कारभाऱ्यानं सोडून आणली होती. ती त्यानं ट्रॅक्टरच्या पुढच्या दोन चाकांना बांधली आणि दावणीच्या मेखांना गाठ मारली.

"पळून जाईल व्हय?" मालनबाईनं विचारलं.

"सकाळी बघितला न्हाईस का?" कारभारी म्हणाला.

गनीभाईनं फाल्गुनाचा शब्द पाळला. कुंद्याच्या पडात नांगराचं पहिलं तास पडलं तेव्हा मुळ्या पांढऱ्याफेक उताण्या पडत गेल्या आणि गादीवर कारभारी राजासारखा बसला होता. तासाच्या टोकाला बांध आला. कारभारी मागं रेलला आणि मोठ्यानं म्हणाला, "हो."

बांध तिथं आजही थोडा तुटलेला आहे.