विमान खांबावर जाणार नाही

अध्यक्षांनी चौकात लोखंडी खांब आधी रोवून घेतला आणि आम्हाला मग सांगितलं, आपलं विमान यावर चढवायचं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! हे इथवर कसं आलं ते आधी सांगते.

सुरतेजवळच्या सचिन गावात, एका बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये आमचं संग्रहालय आहे. पगारी माणूस एकही नाही; सगळे हौशी, बहुतेक निवृत्त. मी राहते जवळच भेस्तानला; बँकेतून सुटले आणि या संग्रहालयाला चिकटले. हवाई दलात नवशिक्यांना उडायला शिकवायचं ते छोटं, दोन जणांचं विमान आमच्याकडे आलं, तेव्हा त्यात कबुतरांनी संसार थाटला होता. घासूनपुसून, गंज काढून आम्ही त्याला माणसांत आणलं. राहिलं होतं फक्त शेपटाचं सुकाणू. त्याचा सांगाडा धातूचा, पण वरून सुती कापड ताणून शिवायचं आणि त्यावर डोप नावाचं वार्निशसारखं द्रव्य लावायचं. मग ते कापड ढोलकीसारखं घट्ट बसतं.

कापड म्हटल्यावर सुरतेत काय कमी? आमचे अध्यक्ष गुजराती, त्यांची स्वतःची प्रोसेसिंग मिल, म्हणजे कापड धुऊन, रंगवून मुलायम करायचा कारखाना. त्यांनी एक नंबरचं सुती कापड पाठवलं. शेडमधल्या प्रत्येकाने ते चिमटीत धरून चोळून पाहिलं. या शहरात कुणाच्याही हाती कापड द्या, बोटं आपोआप चालतात. काय मऊ माल आहे, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. दिवसचे दिवस खपून आम्ही ते शिवलं, डोप लावला. कसलं काय! दुधावरची साय निघावी तसा डोप अलगद सुटून आला. ज्या मऊपणावर आम्ही भाळलो होतो तो मिलमध्ये चोपडलेल्या सॉफ्टनरचा होता, आणि त्यावर काहीच धरायला तयार नव्हतं.

अध्यक्षांना ते फार लागलं. भर शेडमध्ये त्यांच्या मालाची शोभा झाली ना. त्यांनी ठरवून टाकलं, सुकाणूवर पत्रा ठोका, सगळे हलणारे सांधे वेल्डिंग करून टाका आणि विमान चढवा खांबावर. लोक येता-जाता सेल्फी काढतील, खाली मिलचं नाव झळकेल. बाकीचे हो ला हो करून मोकळे झाले. मी म्हटलं, हे विमान आहे, मंडपाची कमान नाही. एकदा वेल्डिंग केलं की ते पुन्हा कधी हलणार नाही. ज्याने इतक्यांना उडायला शिकवलं त्याला असं जखडून टाकायचं, हे मला सहनच होईना.

मला मागावरून उतरलेलं कोरं कापड हवं होतं, सॉफ्टनर न चोपडलेलं. इथे त्याला ग्रे म्हणतात. अध्यक्षांच्या मिलमध्ये त्याचे ढीग असतात, म्हणून मी थेट त्यांच्या केबिनमध्ये गेले. पण ते देईनात. बाहेर कुणाला भेट द्यायची तर तयार मालच द्यायचा, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. असलं मळकट, खरखरीत कापड दान दिलं तर बाजारात तोंड कसं दाखवू, म्हणाले. 'बेन, रहेवा दो,' राहू द्या ताई, म्हणत उठायलाच लागले.

मी दारात आडवी उभी राहिले. "शेठ, दान समजू नका. मी मागून नेतेय. बाजारात सांगा, भेस्तानची एक बाई दारात बसली, उठेचना, म्हणून दिलं."

आणि खरोखरच बाहेरच्या बाकावर बसले. चहा पाठवला त्यांनी, मी परत पाठवला. दुपारचा डबा तिथेच उघडला. जाणारे-येणारे विचारायला लागले, तेव्हा कुठे ग्रेचं ठाण बाहेर आलं, तेही नव्या साडीसारखं चकचकीत कागदात गुंडाळून.

घरी नेऊन ते गरम पाण्यात उकळलं, विणताना सुताला लावलेली कांजी काढली आणि गच्चीवर वाळत घातलं. शेजारीण विचारते, एवढं लांबलचक धोतर कुणाचं हो? म्हटलं, विमानाचं.

मग ते सुकाणूवर शिवून डोप लावला, आणि या वेळी डोपने कापड धरलं. वाळल्यावर टिचकी मारली तर टण्ण वाजलं. मी शेडमध्ये एकटीच हसत सुटले.

वेल्डिंगवाला यायचा त्या दिवशी अध्यक्षही आले. मी काही भांडले नाही. कॉकपिटकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, आत बसा आणि पायाशी असलेली पेडलं दाबून बघा. बसले बिचारे, पोट आवरत. डावा पाय दाबला, मागे सुकाणू डावीकडे वळलं. उजवा दाबला, उजवीकडे वळलं. मग पुन्हा डावा. मान वळवून वळवून ते आपल्या मिलचं ग्रे बघत होते. वेल्डिंगवाल्याने दारातूनच विचारलं, सुरुवात कुठून करू?

"घरी जा," अध्यक्ष आतूनच म्हणाले, आणि पुन्हा उजवा पाय दाबला.

चौकातला खांब अजून तसाच उभा आहे. रिक्षा तिथून जाते तेव्हा मी मुद्दाम बाहेर डोकं काढून बघते. त्यावर आता कबुतरं बसतात. बसू देत.