मावशीचा शब्द

मावशीनं बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली. डॉक्टरची चूक डॉक्टरच्या तोंडावर सांगायची, म्हणून बढती हुकली ती हुकलीच. मान मात्र मिळाला. 'मावशी म्हणाली ना? मग विषय संपला,' असं सगळ्या नात्यागोत्यात म्हणत. तिला मूलबाळ नव्हतं. धाकट्या बहिणीचा मुलगा म्हणजे तिचा जीव की प्राण.

आज त्याचं लग्न होतं, आणि त्याला फिट येते हे मुलीकडच्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी कार्यालयातल्या खोलीत तिनं त्याची बॅग उपसली. गोळ्या नव्हत्या.

"शोधू नकोस, ताई," बहीण कुजबुजली. "मीच घरी ठेवून आले. त्यांची माणसं सारखी आतबाहेर करताहेत. कुणाच्या हाती लागल्या म्हणजे?"

"कधीपासून बंद आहेत?"

"परवापासून. दोन वर्षांत एकदा तरी आली का त्याला?"

"अगं, गोळ्या होत्या म्हणून आली नाही!" मावशीनं कपाळावर हात मारला आणि पर्स घेऊन औषधाच्या दुकानाकडे निघाली. दारातच मुलीचे वडील आडवे आले.

"ताई, मुलाच्या तब्येतीचं काहीबाही कानावर आलंय. दुसऱ्या कुणाला विचारणार नाही. तुम्ही एकदा सांगा, माझ्यापुरतं झालं."

मागे दारात बहीण हात जोडून उभी होती.

"मुलगा अगदी ठणठणीत आहे," मावशी म्हणाली. एवढं सहज जमलं याचीच तिला लाज वाटली. त्यांनी मात्र सुटकेचा निःश्वास टाकला.

ती गोळ्या घेऊन धापा टाकत परतली, तेव्हा नवरा-नवरी फोटोसाठी शेजारी उभी होती. ती चार पावलांवर असताना भाचा कोसळला.

एकच गलका झाला. कुणी पाणी मारत होतं, बहीण ऊर बडवत होती. मावशी खाली बसली. त्याला कुशीवर वळवलं, गळ्याचं बटण सोडलं, डोक्याखाली शालीची घडी सरकवली आणि घड्याळ पाहिलं. हे सगळं हातांनी आपोआप केलं.

"थांबेल आत्ता," ती म्हणाली. दीड मिनिटात थांबलंही.

तिनं वर पाहिलं. मुलगी नवऱ्याकडे बघतच नव्हती. ती मावशीच्या मुठीतल्या गोळ्यांच्या पाकिटाकडे बघत होती. तिचे वडीलही.

"सगळे घाबरले, मावशी," ती म्हणाली. "तुम्ही तेवढ्या नाही."

मावशी अर्धवट उठली. "बाळा, मी सांगते तुला..."

"नको. शुद्धीवर आला की त्यालाच विचारीन मी."