ओपन होमचे बोंबील

फ्लॅट बुश ह्या उपनगरातलं आमचं घर विकायचं मी ठरवलं आणि आमच्यात भांडण सुरू झालं. भांडण म्हणजे मी बोलायचं आणि ह्यांनी गप्प बसायचं. समोरचा तोंड उघडून भांडला तर मला चालतं, उलट बरं वाटतं. ह्यांचं गप्प बसणं मात्र मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सहन होत नाही.

पाच बेडरूमचं दुमजली घर. बांधलं तेव्हा मुलगा, सून, नात सगळे एकत्र राहणार होतो. दोन-तीन वर्षांत मुलाला ब्रिस्बेनला नोकरी मिळाली आणि तो बिऱ्हाड उचलून गेला. इथं हे घरोघरी चालतं, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार? आम्ही वरच्या एका खोलीत झोपायचो आणि बाकीच्या खोल्यांची धूळ पुसायचो. कुठंही जायचं तर मोटरवे, आणि मोटरवेवर गाडी घालायचं माझं धाडस कधी झालं नाही. ह्यांनीही वर्षभरापूर्वी गाडी चालवणं सोडलं. ट्रॅफिकचा कंटाळा आला म्हणाले, आणि लायब्ररीतसुद्धा बसनं जायला लागले. मग हिवाळ्यात जिन्यावरून घसरले आणि मनगट मोडून घेतलं. हॉस्पिटलच्या बाकावर बसल्याबसल्याच मी ठरवलं, बस झालं हे घर.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, अवोन्डेलला, एक युनिट मिळत होतं. विटांचं, बैठं, दोन खोल्यांचं, एकही पायरी नाही. रविवारचा बाजार चालत जाण्याच्या अंतरावर, म्हणजे मेथीच्या जुडीसाठी कोणाच्या गाडीची वाट बघायला नको. मी ह्यांना दाखवायला नेलं तर हे दारातच उभे राहिले. आत अंधार आहे म्हणाले, भर दुपारी. मी ह्यांना मनवायचा नाद सोडला आणि एकटीच्या नावानं ऑफर दिली. अट अशी होती की महिनाअखेरपर्यंत आमचं घर विकलं गेलं तर युनिट आमचं, नाहीतर दुसऱ्याचं. फ्लॅट बुशचं घर मात्र दोघांच्या नावावर होतं. मुलानं फोनवर समजावल्यावर ह्यांनी ते विक्रीला काढायला होकार दिला. पण शेवटी सही करतील की नाही, हे देवालाच ठाऊक होतं.

आमची एजंट गोरी बाई, सदा हसतमुख. दर शनिवारी दुपारी ओपन होम. त्या वेळात कोणीही येऊन घर बघावं आणि मालकांनी बाहेर जावं, अशी पद्धत. तिनं मला शिकवून ठेवलं होतं की घरात कॉफीचा किंवा केकचा वास असला की लोकांना घर आवडतं. मी आयुष्यात कधी केक केला नव्हता, तोही केला. टेबलावर फुलं ठेवली. देव्हाऱ्यातली उदबत्तीसुद्धा त्या दिवशी लावली नाही, आणि त्याचं मला वाईट वाटलं.

पहिल्या शनिवारी मी आंघोळ करून खाली आले तर घरभर वास. ह्यांनी तव्यावर सुके बोंबील भाजायला टाकले होते. भूक लागली म्हणाले. आता सुक्या बोंबलाचा वास काय चीज आहे, हे खाणाऱ्यालाच माहीत. पडद्यांत बसतो, कार्पेटमध्ये बसतो, आठवडाभर जात नाही. त्या दिवशी आलेले लोक स्वयंपाकघराच्या दारातूनच परत गेले. एजंटनं फोनवर फार सांभाळून सांगितलं की स्वयंपाकाबद्दल थोडा फीडबॅक आहे.

दुसऱ्या शनिवारच्या आधी मी बोंबलाची पिशवी गराजमध्ये जुन्या पेंटच्या डब्यांमागे लपवली. ह्यांनी ती शोधली नाही. बसनं जाऊन नवी आणली. एरवी चहाचा कप न विसळणारा माणूस माझी पाठ वळताच तवा तापवतो, म्हणजे हा भुकेचा मामला नव्हता. मी ह्यांना सरळ विचारलं, तुम्हाला घर विकायचं नाही का? हे म्हणाले, बघू. मी म्हटलं, युनिट हातचं गेलं तर मी तुम्हाला माफ करणार नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यानंतरचा आठवडा आम्ही मोजकंच बोललो. जेवायला वाढलंय, औषध घेतलं का, बस. मला रात्री झोप लागेना. मुलासाठी हे घर राखून ठेवायचं आहे का, असंही मनात आलं. पण मुलगा परत येणार नाही, हे माझ्या आधी ह्यांनीच बोलून दाखवलं होतं. मग अडतंय कुठं?

महिन्याचा शेवटचा शनिवार उजाडला. मी सकाळपासून स्वयंपाकघरात ठाण मांडून बसले. तेवढ्यात शेजारीण कशाला तरी आली, मी दारात गेले, आणि मागून चर्र आवाज झाला. ह्या वेळी तेलात. मी परत येऊन तवा उचलला आणि सिंकमध्ये टाकला, पण आता काय उपयोग? खिडक्या उघडल्या आणि ह्यांच्याकडे न बघता बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी, म्हणजे इथल्या किरकोळ वाणसामानाच्या दुकानापाशी, बाकावर बसून रडले. युनिट गेलं, असं मी धरूनच चालले होते.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तशी ह्यांची गत झाली. त्या दुपारी एक फिलिपिनो कुटुंब आलं, ते एजंटनं मला नंतर सांगितलं. नवरा-बायको दोघं नर्स, तीन मुलं आणि नवऱ्याची आई. म्हातारी स्वयंपाकघरात शिरली, तिनं खोल श्वास घेतला आणि हसायलाच लागली. आमच्या गावच्या घरासारखा वास येतोय, असं ती मुलाला म्हणाली. रविवारी संध्याकाळी एजंट त्यांची ऑफर घेऊन आमच्या डायनिंग टेबलाशी बसली. रक्कम आम्हाला हवी होती तेवढी होती. मी सही केली. कागद ह्यांच्यापुढे सरकवला. ह्यांनी पेन हातात घेतलं नाही.

"सही करा," मी म्हटलं.

"नाही करणार."

एजंटला मराठी कळत नव्हती, पण आवाज कळला असता. म्हणून मी तिच्याकडे बघून हसले आणि त्याच तोंडानं ह्यांना म्हटलं, "आज कारण सांगायचं. नाहीतर मी एकटी जाईन अवोन्डेलला." मी ते धमकी म्हणून बोलले नव्हते.

हे कागदावरच्या एखाद्या कलमावर चर्चा करावी तशा सुरात म्हणाले, "माझी नजर जाते आहे. दोन्ही डोळ्यांची. कडेचं गेलंय, आता मधलं चाललंय. गेलेलं परत येत नाही. औषधाच्या थेंबांनी उशीर होईल, इतकंच."

लायब्ररीत म्हणून बसनं जायचे, ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे. गाडी सोडली ती कंटाळून नाही. सगळं माझ्या एकदम लक्षात आलं.

"हे घर मला पाठ आहे," हे म्हणाले. "इथं मला न दिसताही दिसतं. तिथं गेलो की पहिल्या दिवसापासून आंधळा."

"पाठ होतं तर जिन्यावरून कसे पडलात?"

मला भयंकर राग आला होता. आपल्याच बायकोपासून माणूस डोळे लपवतो आणि वर बोंबील भाजतो. आणि रागाच्या खाली भीती होती, ती रागापेक्षा मोठी होती. एजंटनं विचारलं की ताबा देण्याच्या तारखेची काही अडचण आहे का. मी म्हटलं, वन मिनिट. ती म्हणाली, स्वीट ॲज, म्हणजे काही हरकत नाही, आणि आपला फोन बघू लागली.

"आत्ता किती दिसतं?" मी विचारलं.

"तुझा चेहरा दिसतो. कान दिसत नाहीत."

"मग आत्ताच निघायचं," मी म्हटलं. "आहे तेवढ्या नजरेनं ते घर पाठ करू. प्रत्येक वस्तू तुम्ही सांगाल तिथं ठेवू आणि मी ती कधी हलवणार नाही. उशीर केलात तर मला ते घर तुम्हाला दाखवता येणार नाही. नुसतं सांगता येईल."

ह्यांनी पेन घेतलं आणि विचारलं, "कुठं?" मी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं. एजंटनं फोन बाजूला ठेवला. हे माझ्याकडे नाही, तिच्याकडे वळले आणि तिला समजावं म्हणून इंग्रजीत म्हणाले, "माफ करा. मला दिसत नाही, म्हणून ही दाखवते."