तिसऱ्या जागेवरचे दाजी

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्यांदा अशी केली नाही. जग जिला पहिली वेळ म्हणतं ती दाजींची निदान चाळिसावी असायची. आधीच्या एकोणचाळीस वेळा त्यांनी ती डोळे मिटून मनातल्या मनात उरकलेली असे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. शाहूपुरीत त्यांचं ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. सत्तरच्या दशकात मी कोडोलीहून नोकरीसाठी कोल्हापुरात आलो, दोन महिन्यांसाठी म्हणून त्यांच्याकडे उतरलो आणि सहा वर्षं राहिलो. मी कधीच काही ठरवून केलं नाही, ती सहा वर्षं धरून.

रविवारी मटण आणायला जायचं तरी दाजी आधी पिशवी मांडीवर घेऊन पाच मिनिटं डोळे मिटून बसत. ओठ हलत, मान डावीउजवीकडे वळे, मध्येच एक हात पुढे होऊन न दिसणाऱ्या खाटकाला न दिसणारं हाड परत करी. "हितंच धरायचं त्याला," असं पुटपुटून ते निम्मं काम झाल्याच्या समाधानात उठत. एकदा पेठ वडगावला एका नातेवाइकांकडे आम्ही सांत्वनाला निघालो. एसटीत बसल्यापासून दाजींची तयारी सुरू. दारातून आत, डावीकडं खुर्ची, खुर्चीत थोरला मुलगा, खांद्यावर हात आणि "बापमाणूस गेला, पण तू खचू नकोस." सगळं ठरल्याबरहुकूम पार पडलं. फक्त खुर्चीत त्या वेळी रजिस्टर पत्रावर सही घ्यायला आलेला पोस्टमन बसला होता. तो भांबावून उठायला लागला, तर दाजींनी त्याला खांदा दाबून खाली बसवलं आणि वाक्य पुरं केलं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "दाजी, तो पोस्टमन होता."

"दिसलं की मला," दाजी म्हणाले, "पर मधीच कसं थांबायचं, मेव्हणं?"

हे सगळं वेड आलं होतं रायफलीतून. शहराबाहेर एका टेकडीच्या पायथ्याशी दरवर्षी हौशी नेमबाजांची स्पर्धा भरायची. एका जागी उभं राहून कागदावरच्या ठिपक्याला गोळ्या घालायची नव्हे, पळापळीची. एकूण पाच जागा: पहिली पिंपाआडून, दुसरी फळ्यांच्या भिंतीतल्या खिडकीतून, तिसरी पोत्यांमागं गुडघा टेकून, चौथी बैलगाडीखाली पालथं पडून आणि पाचवी उघड्यावर उभ्यानं. प्रत्येक जागेवरून पत्र्याच्या दोन तबकड्या पाडायच्या. ज्याला वेळ कमी लागला तो पहिला. मांडणी वर्षानुवर्षं तीच. दाजींचं म्हणणं असं, की गोळी मारणं हे त्यातलं सगळ्यात सोपं. "बोट काय, कुणीबी दाबतंय. दुसरीकडनं तिसरीकडं जाताना कुठला पाय आधी, मॅगझिन कुठं बदलायचं, दम कुठं सोडायचा, ह्ये डोस्क्यात पायजे. मॅगझिनात एक गोळी उरली तरी चालता चालता बदलून टाकायचं. तिथं जाऊन इचार करत बसला त्यो गडी संपला!" त्यासाठी ते रोज सकाळी सहाला परसातल्या बाजेवर बसून, डोळे मिटून पाचही जागा फिरून येत. हे मी अक्काकडून ऐकलेलं. आठच्या आत उठण्याचा बेत मी मनातसुद्धा कधी केला नाही.

एवढं करून दाजींचा तीनदा दुसरा नंबर आला होता, पहिला एकदाही नाही. आणि त्या वर्षी डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरल्याचं सांगितलं. दाजींनी अक्काला शब्द दिला, "एवढी एक मारतो, मग रायफल इकून टाकतो." म्हणजे पहिला नंबर यायचा तर तो याच वर्षी. वीस वर्षांच्या संसारात अक्का कधी स्पर्धेला फिरकली नव्हती. त्या दिवशी ती इरकल नेसून माझ्या शेजारी येऊन बसली.

पंच होते बंदुका दुरुस्त करणारे चाचा. त्यांची शिट्टी झाली आणि दाजी निघाले. पिंपाआडून टण्, टण्. खिडकीतून टण्, टण्. चालता चालता मॅगझिन बदललं, पोत्यांमागं गुडघा टेकला, टण्, टण्! सहाच्या सहा तबकड्या आडव्या. इतका वेगवान माणूस त्या दिवशी दुसरा झाला नव्हता. मी टाळ्या पिटत उभा राहिलो.

आणि दाजी तिथंच बसले. डावा हात रायफलीवर, तोंड टेकडीकडं, आणि उजवा हात बाजूला पसरलेला. तळवा वर.

"पावणं, डुलकी लागली व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं.

अक्कानं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! रोज सकाळी बाजंवर निम्म्यात आलं की मी चहाची बशी देतीया ह्यास्नी! चहा पिऊन मगच म्होरं जात्यात!"

सांगता सांगताच ती उठली आणि टेकडीवरची पाखरं उडतील अशा आवाजात ओरडली, "अवो, पिऊन झाला चहा! बशी घेतली मी! उठा आता!"

दाजी दचकून उठले, गाडीखाली शिरले, उरलेल्या चारही तबकड्या पाडल्या. चार सेकंदांनी पहिला नंबर हुकला.

चाचा कागद घेऊन आले. दाजींना एकदा तरी जिंकलेलं त्यांनाही बघायचं होतं. "भाई, नियम हाय. बघणाऱ्यांतनं कुणी ओरडून अडथळा केला तर पुन्यांदा मारता येतंय. बाईंच्या ओरडण्यानं अडथळा झाला, एवढंच लिवलंय. सही करा."

"करा की वो," अक्का म्हणाली. "माझं काय जातंय त्यात?"

दाजींनी कागद डाव्या डोळ्याजवळ नेला आणि पुष्कळ वेळ वाचला. एका ओळीला इतका वेळ लागावा असं त्यात काही नव्हतं.

"अडथळा कसा म्हनू, चाचा?" ते म्हणाले. "त्यो तर आमच्या बेतातच हाय." आणि त्यांनी कागद परत दिला.

पुढं रायफल विकली, डोळ्याचं ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला. आता तर दोघंही नाहीत. त्या दिवशी परत येताना मात्र अक्का वाटभर तणतणत होती, "एक सही करायला काय हात मोडलं हुतं?" दाजी रायफल सांभाळत चालत होते. पुढच्या उतारावर तिच्या चपलेत खडा गेला. दोघं थांबली, तोल सावरायला तिनं त्यांच्या खांद्यावर हात टेकला, आणि मी आपला एसटी चुकेल म्हणून पुढं निघालो. बऱ्याच अंतरावर जाऊन मागं वळून पाहिलं. खडा केव्हाच निघाला असणार, दोघं चालायलाही लागली होती. हात तिथंच होता.