हेल्मूटच्या डब्यातला पास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर वाटतं, माझं सगळं तिला ठाऊक आहे. तुम्हालाच का सांगतोय? खरंच माहीत नाही. बसा थोडा वेळ.

मी कोल्हापूरचा. पेठेच्या तालमीकडून फुटबॉल खेळलो, गुडघा घालवला, मग इंजिनियर झालो. दोन हजारनंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत नोकरीसाठी जर्मनीत, बॉबलिंगेनला आलो. आसपासच्या कंपन्यांतल्या इंग्रजांनी तिथे एक क्लब काढला होता. सगळे त्याला नुसतं ‘इंग्लिश क्लब’ म्हणत. मी रविवारी कडेला उभा राहून आरडाओरडा करायचो. क्लब ज्याने काढला तो ग्रॅहम एकदा म्हणाला, “तूच मॅनेजर हो ना. नाहीतरी ओरडतोसच.”

झालो. तीन वर्षं होतो. आणि खरं सांगू? इतका आनंदात मी कधीच नव्हतो. ओल्या गवताचा वास, मॅचनंतर ग्रिलवर भाजलेले वुर्स्ट म्हणजे जर्मन सॉसेज, बायकोने डबा भरून दिलेली कोथिंबीर वडी — ती इंग्रज मंडळी मोहरी लावून खायची! बायको म्हणायची, “अहो, ऑफिसात प्रमोशन मिळालं तेव्हासुद्धा तुम्ही एवढे हसला नव्हतात.” खरं होतं.

या सगळ्यात एकच जर्मन होता. हेल्मूट. सत्तरीचा, निवृत्त फोरमन, बायको वारलेली, मुलगी बाड हॉम्बुर्गला. मैदानावर चुन्याच्या रेघा तो मारायचा, आणि खेळाडूंचे पास सांभाळायचा. पास म्हणजे फोटो लावलेलं ओळखपत्र. आमच्या लीगचा नियम सरळ होता — पास नाही, तर खेळ नाही. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात, आडनावांच्या क्रमाने, हेल्मूट ते ठेवायचा. रेफरीने नाव घेतलं की न बघता बोटांनी पास काढून द्यायचा. “गेनाऊ,” म्हणायचा, म्हणजे ‘अगदी बरोबर’. त्याचा तो एवढाच रुबाब.

तिसऱ्या वर्षी शेवटची मॅच जिंकली तर आम्ही वरच्या गटात जाणार होतो. आणि ग्रॅहम — तो अठ्ठेचाळीसचा झाला होता. मिडफिल्डमध्ये त्याचे पाय चालत नव्हते. त्याला बसवायला हवं होतं. सगळ्यांना कळत होतं, त्याला सोडून. पण ज्याने क्लब काढला, ज्याने मला मॅनेजर केलं, त्या इंग्रजाला मी, पेठेतल्या पोराने, सांगायचं — तू फुटबॉल खेळू नकोस? आठवडाभर रोज सकाळी गाडीत वाक्य जुळवलं. एकदाही तोंडातून बाहेर पडलं नाही.

रविवारी हेल्मूट रेघा मारत होता. डबा बाकावर होता. मी —

मी ग्रॅहमचा पास काढला आणि जॅकेटच्या आतल्या खिशात घातला.

बस. दोन सेकंद लागले असतील.

रेफरीने ग्रॅहमचं नाव घेतलं. हेल्मूटची बोटं डब्यात गेली आणि थांबली. मग त्याने सगळे पास बाकावर मांडले. एकदा, दोनदा, तीनदा. त्याचे कान लाल झाले होते. “काल रात्री मी मोजले होते,” तो म्हणाला. मग हळूच, “मला वाटतं, मोजले होते.” ग्रॅहमने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, “होतं असं कधीकधी,” म्हणाला, आणि बाकावर जाऊन बसला. मी शेजारीच उभा होतो. काय बोललो असेन? “चला, वॉर्म-अप करा.”

आम्ही दोन-एकने जिंकलो. ग्रॅहम सगळ्यांत जोरात नाचला.

तुम्हाला वाटेल, कबुली संपली. नाही. वाईट ते पुढेच आहे. पंधरा दिवसांनी मला राहवेना, म्हणून तो पास मी गुपचूप डब्यात परत ठेवला — त्याच्या जागेवर, आडनावाच्या क्रमाने. वाटलं, सापडला की म्हातारा खूश होईल. हेल्मूटला तो सापडला. तीनदा शोधलेल्या डब्यात, जिथे असायला हवा तिथेच. तो माझ्याकडे पास घेऊन आला तेव्हा खूश नव्हता. घाबरला होता. “माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं,” म्हणाला.

तेव्हा सांगता आलं असतं की नाही? आलं असतं. तिथे आम्ही दोघंच होतो.

मी त्याला म्हणालो, “डॉक्टरला दाखव एकदा.”

डॉक्टरला काही सापडलं नाही. पण हेल्मूटचा स्वतःवरचा विश्वास उडाला तो उडालाच. डबा त्याने माझ्या हातात दिला. गाडी चालवणं सोडलं. मॅचला यायचा, बाकावर बसायचा, माझ्या बायकोच्या वड्या खायचा. नव्या लोकांना माझी ओळख करून द्यायचा — हा आमचा सगळ्यांत चांगला मॅनेजर.

तो पुढे सहा वर्षं जगला. हृदयविकाराने गेला. अंत्यविधीनंतर त्याच्या मुलीने कॉफी पिताना सांगितलं, की घरात वह्यांचा ढीग सापडलाय. रोजच्या नोंदी — गॅस बंद केला. दार लावलं. किल्ली खिशात आहे. “एक दिवसही ते काही विसरले नाहीत,” ती म्हणाली, “तरी लिहीत राहिले.”

मी चांगला जगतो आहे. झोप लागते. वरच्या गटात गेलो त्या दिवसाचा फोटो हॉलमध्ये लावलेला आहे, आणि त्याच्याकडे बघून मला अजून आनंद होतो — हेही लपवत नाही.

हेल्मूटचं डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं. त्याला ते माहीत नव्हतं. मला होतं.